वऱ्हाडांतील वृद्धांचा आरोग्यविमा



विमा म्हटला कीं आपल्या मनांत प्रथम हप्ता येतो, आणि हप्ता म्हटला कीं तो भरणारा कमावता हात डोळ्यांपुढें उभा राहतो. सरकारी आरोग्यविम्याचा बराचसा इतिहास या एका गोष्टींत सांठविलेला आहे. हा विमा कमावत्या हातासाठीं जन्मास आला. थकलेल्या हाताची पाळी त्यांत फार उशिरां आली. ती कशी आली, हें अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या अनुभवावरून आज पाहावयाचें आहे.

जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा करविला. इंग्लंडनें १९११ सालीं तोच मार्ग धरिला. हिशेब उघड होता. कामगार आजारी पडला कीं मजुरी बुडते आणि मजुरी बुडली कीं घर बुडतें. म्हणून चांगल्या दिवसांत वर्गणी भरून वाईट दिवसांची तरतूद करावी. ज्याची मजुरी वयोमानानें आधींच संपली, त्याला या हिशेबांत जागा नव्हती. अमेरिकेनें १९६५ सालीं ‘मेडिकेअर’ या नांवानें ६५ वर्षांवरील लोकांसाठीं विमा सुरू केला. पण तेथेंही इस्पितळाच्या खर्चाचा भाग मुख्यतः नोकरीच्या काळांत भरलेल्या करावरच आधारलेला आहे.

आपल्याकडे प्रा. आडारकर यांनीं १९४४ सालीं कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सरकारास सादर केली आणि पुढें १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. हा कायदा मोठ्या महत्त्वाचा, यांत शंका नाहीं. परंतु वऱ्हाडच्या दृष्टीनें त्यांत एक मोठी उणीव होती. हंगामी कारखाने त्यांतून वगळलेले होते, आणि हंगामी कारखान्यांत कापसाची सरकी काढणारे जिन व गठाणी बांधणारे प्रेस स्पष्ट नांव घेऊन घातलेले होते. ज्या जिन-प्रेसांच्या भोंग्यावर अमरावती-अकोल्याच्या पेठा जागत, तेथील मजूर असा विम्याच्या उंबरठ्याबाहेर राहिला. शेतमजूर तर त्या उंबरठ्यापर्यंत पोंचलाच नाहीं.

मग म्हातारपणीं आधार कोणाचा? सरकारी इस्पितळाचा. अमरावतीचें ‘इर्विन’ आणि अकोल्याचें ‘लेडी हार्डिंग’ हीं नांवें लोकांच्या तोंडीं अजून आहेत. पण हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा उपचार म्हणजे नागपूरची वा मुंबईची वाट, आणि त्या वाटेवर कित्येकांचीं शेतें गहाण पडलीं. अशा वेळीं घरांतील वडीलधारें माणूस आपणहून मागें सरे. आपल्यापायीं नातवंडांचें शेत जाऊं नये, या विचारानें दुखणें अंगावर काढणारे वृद्ध आपण सर्वांनीं पाहिलेले आहेत.

२००८ सालीं दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीं राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना निघाली. ती अमरावती जिल्ह्यांतही आली. वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच्या उपचाराची हमी तींत होती. परंतु एका कुटुंबांतील पांचच माणसांचीं नांवें घालावयाचीं होतीं : कुटुंबप्रमुख, त्याची पत्नी आणि तीन आश्रित. ज्या घरीं तीन मुलें, तेथें आजीचें नांव कोठें लिहावें?

यानंतर राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत अमरावती होता. अकोल्यास मात्र २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा महिने, थांबावें लागलें. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबास वर्षाला दीड लक्ष रुपयांचें संरक्षण तींत होतें. पुढें शेतकरी-आत्महत्यांनीं होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली; त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे आहेत. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव देण्यांत आलें. येथें माणसांच्या संख्येची अट गेली, तरी रक्कम सर्व घराची मिळून एकच होती. नातवाच्या उपचारावर ती खर्ची पडली, तर आजोबांसाठीं थोडीच उरे.

ही अडचण २०२४ सालीं दूर झाली. केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून चालू होती. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं तिचीं दारें ७० वर्षें व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवतां, उघडलीं. घर आधींच योजनेंत असेल, तर वृद्धांसाठीं पांच लक्ष रुपयांची निराळी रक्कम मिळते व ती घरांतील तरुणांना वापरतां येत नाहीं. पति-पत्नी दोघेही सत्तरीचे असतील, तर ती दोघांत मिळून असते. वृद्धाकडून हप्ता घेत नाहींत. जुनें दुखणें असलें, तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतें. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेंत जे आहेत, त्यांनीं मात्र दोहोंपैकीं एक निवडावयाची असते. खाजगी विमा असल्यास त्याची आडकाठी नाहीं.

आतां मर्यादाही सांगितली पाहिजे. हा विमा इस्पितळांत दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठीं आहे, आणि तोही योजनेंत अंगीकृत झालेल्या रुग्णालयांतच चालतो. दाखल होण्यापूर्वींचे तीन व घरीं आल्यानंतरचे पंधरा दिवस त्यांत धरतात. रक्तदाबाची वा मधुमेहाची रोजची गोळी त्यांत बसत नाहीं; ती सरकारी दवाखान्यांतून किंवा पदरच्या पैशानें घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट वयाची. ही योजना निघाली तेव्हां जे सत्तरीचे होते, ते जन्मले त्या वेळीं अमरावती व अकोला महाराष्ट्रांत नव्हते. १९५६ सालीं ते मुंबई राज्यांत आले आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. त्या पिढींत जन्माचा दाखला असणारे थोडेच. योजनेंत वय ठरतें तें आधारपत्रावरून. अंदाजानें घातलेली एखादी तारीख माणसाला कागदोपत्रीं चार वर्षांनीं तरुण करते आणि मग वय होऊनही पत्र मिळत नाहीं. म्हणून तारीख तपासणें व आयुष्मान वय वंदना पत्र काढणें, हें प्रकृति चांगली असतांनाच उरकावें. दाखल होण्याची वेळ आलीच, तर रुग्णालयांतील आरोग्यमित्रास प्रथम भेटावें.

१८८३ च्या हिशेबांत माणसाची किंमत त्याच्या मजुरीवरून ठरली होती. कमाई संपल्यावरही माणसाचा उपचारावरील हक्क संपत नाहीं, हें मान्य होण्यास पुढें १४१ वर्षें लागलीं. तो हक्क आतां कागदावर आला आहे. तो आपल्या घरांतील वृद्धांच्या हातीं पोंचविणें, हें काम मात्र घरांतील धाकट्यांचें आहे.