हृदयरोग आणि जनुकांतील ‘अडगळ’

आपल्या भाषेंत ‘नांव ठेवणें’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत. बारशाच्या दिवशीं आपण बाळाचें नांव ठेवितों आणि एरव्हीं शेजाऱ्यांना नांवें ठेवितों. शास्त्राच्या इतिहासांत हीं दोन्ही कामें कधीं कधीं एकाच शब्दानें उरकतात. १९७२ सालीं सुसुमु ओनो या शास्त्रज्ञानें मानवी डी.एन.ए.च्या बहुतेक भागास ‘अडगळ’ म्हटलें, तें याचें ठळक उदाहरण होय. पुढें हृदयरोगाचा एक माग याच अडगळींत लागला. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

ओनो यांचा तर्क पोकळ नव्हता. एवढा सारा डी.एन.ए. कामाचा असता, तर पिढ्यान्‌पिढ्या त्यांत होणाऱ्या बिघाडांचा भार जीवजातीस सोसलाच नसता, असें त्यांचें म्हणणें होतें. शिवाय जनुक म्हणजे प्रथिन बनविण्याची कृति, अशीच त्या काळची समजूत होती. ती कृति प्रथिनें घडविणाऱ्या यंत्रणेकडे नेणारा निरोप्या आर.एन.ए. होय, हें १९६१ सालीं सिद्ध झालें होतें. मग ज्याच्याजवळ प्रथिनाचा निरोपच नाहीं, अशा निरोप्याची दखल कोण घेणार? १९९१ सालीं ‘झिस्ट’ नांवाचा असाच एक लांबलचक आर.एन.ए. सांपडला. स्त्रीच्या पेशींतील दोन ‘एक्स’ गुणसूत्रांपैकीं एक निद्रिस्त ठेवण्याचें काम तो करतो, हें पुढें कळलें. तरीही पुष्कळ काळ तो अपवाद म्हणूनच गणला गेला.

२००७ सालीं मात्र प्रसंग निराळा आला. कॅनडांतील व आइसलंडांतील दोन संशोधकमंडळांनीं हजारों हृदयरोग्यांचा डी.एन.ए. इतरांच्या डी.एन.ए.शीं स्वतंत्रपणें ताडून पाहिला. दोघांचेंही बोट एकाच जागीं पडलें: नवव्या गुणसूत्राच्या आंखूड भुजेवरील एक लहानसा पट्टा. कॅनडांतील मंडळास असें आढळलें कीं, युरोपीय वंशाच्या दर चार-पांच माणसांत एकास या पट्ट्याचें धोक्याचें रूप आई व बाप या दोघांकडूनही मिळालेलें असतें आणि त्याचा हृदयरोगाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनीं वाढतो. हा धोका रक्तदाब, मधुमेह वा रक्तांतील चरबी यांच्या वाटेनें येत नव्हता. आणि त्या पट्ट्यांत प्रथिनाची एकही कृति नव्हती! त्याच वर्षीं फ्रान्समध्यें, आनुवंशिक कर्करोगाच्या एका कुटुंबाचा अभ्यास चालू असतां, याच जागेंतून निघणारा ‘अॅनरिल’ हा दीर्घ आर.एन.ए. सांपडला.

तेव्हांपासून अशा आर.एन.ए.कडे हृदयशास्त्राची दृष्टि वळली. २०१४ सालीं उंदरांच्या हृदयांत ‘मायहार्ट’ नांवाचा आर.एन.ए. आढळला. हृदयावर ताण पडला कीं त्याचें प्रमाण घटतें. तें टिकवून धरल्यास हृदयाची विकृत वाढ टळते.

परंतु कालच्या अडगळीस आज रत्नांची खाण म्हणणें हीही घाईच होय. २०१० सालीं उंदरांतील तत्सम पट्टा कापून टाकला, तेव्हां शेजारच्या दोन जनुकांचेंच काम मंदावलें. सबब खरा अपराधी अॅनरिल कीं शेजारी, हा वाद मिटलेला नाहीं. ज्या घरांत आजा आणि बाप दोघेही अकालीं हृदयविकारानें गेले, तेथील मुलास या शोधांतून अद्याप औषध मिळालेलें नाहीं. त्यास आम्ही इतकेंच सांगूं कीं, पट्ट्यावरचा धोका म्हणजे ललाटरेषा नव्हे. रक्तदाब आटोक्यांत ठेवणें व तंबाखू वर्ज्य करणें त्याच्या हातीं आहे.

शास्त्राच्या हातीं राहतें तें एवढेंच कीं, ज्याचा उपयोग कळला नाहीं त्याला निरुपयोगी म्हणण्याआधीं थोडें थांबावें. नांव ठेवणें सोपें असतें. तें पुसण्यांत मात्र पस्तीस वर्षें गेलीं.