वाकड्या करंगळीचे टायपिंग

१९७९ साली मी पेणला टायपिंगच्या क्लासला जाऊ लागलो, तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. बाईंचा पहिला धडा यंत्राचा नव्हता, बसण्याचा होता. पाठ ताठ, कोपरे अंगालगत, मनगटे अधांतरी. डावी चार बोटे ए-एस-डी-एफवर, उजवी जे-के-एल आणि अर्धविरामावर.

माझी डावी करंगळी लहानपणी झाडावरून पडल्यापासून वाकडी. त्या मशीनची कळ खोलवर दाबावी लागे, त्यामुळे करंगळीचा 'ए' कागदावर पुसट उमटे. मी चोरून अनामिका वापरू लागलो. बाईंनी ते पाहिले. वाटले, आता घरी पाठवणार. त्यांनी माझ्या हातांवर रुमाल टाकला. म्हणाल्या, "बोट कुठलं ते तुझं तू बघ. नजर खाली आली, तर मात्र उठवीन."

या सवलतीमागचा इतिहास मला फार पुढे कळला. रेमिंग्टनने शोल्सचे यंत्र १८७३ मध्ये बनवायला घेतले, तेव्हा बोटांचा असा काही नियमच नव्हता. २५ जुलै १८८८ रोजी अमेरिकेत सिनसिनाटी येथे गाजलेली स्पर्धा झाली. एका बाजूला सॉल्ट लेक सिटीचा कोर्टातला लघुलेखक फ्रँक मॅकगरिन, दुसऱ्या बाजूला लुई ट्रॉब. ट्रॉबच्या यंत्रावर लहान आणि कॅपिटल अक्षरांच्या कळा वेगवेगळ्या होत्या. मॅकगरिनला कळफलक पाठ होता, त्याची नजर मजकुरावरून हलत नसे. तो जिंकला आणि न पाहता टाइप करण्याची पद्धत रुजली. माझ्या मते ती जीत बोटांपेक्षा नजरेची होती. बाईंना हे अनुभवाने ठाऊक असावे.

माझी खरी कसोटी मराठी मशीनवर लागली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, हे चार दिवसांत जमले. पण अनेक अर्धी अक्षरे शिफ्टवर! इंग्रजीत कॅपिटल अक्षर वाक्यात एखादे येते, मराठीत जोडाक्षरे पावलोपावली. उजव्या हाताखालच्या अर्ध्या अक्षराला डावी शिफ्ट, म्हणजे पुन्हा तीच करंगळी. मी सगळा डावा तळवाच सरकवू लागलो. परत 'एफ'वर यायचे ते अंदाजाने, कारण आजच्यासारखे 'एफ' आणि 'जे'वर उंचवटे आमच्या मशीनला नव्हते.

रोह्याजवळच्या धाटाव वसाहतीत १९८२ मध्ये नोकरीची चाचणी दिली. मिनिटाला मराठी ३० शब्द हवे होते. समोरचे साहेब माझ्या हाताच्या त्या हालचालीकडे एकटक पाहत होते. मी कागदाकडे पाहत राहिलो. नोकरी मिळाली. पुढे कित्येक वर्षे पेण-नागोठणे-रोहा हा माझा रोजचा रस्ता झाला.

संगणकावर इन्स्क्रिप्ट शिकलो, तेव्हा वाटले, सुटलो. १९९१ च्या भारतीय मानकातील या रचनेत अर्धे अक्षर हलन्ताने होते आणि हलन्त 'डी'वर, डाव्या मधल्या बोटाखाली. वेलांटीही अक्षरानंतर. पण ख, घ, छ, झ ही मंडळी उजव्या हाताला, तीही शिफ्टवर! नातू हसतो. 'घर' लिहितानाही माझा डावा तळवा अजून सरकतो.