हाडांतला बहुरूपी

गावात बहुरूपी फौजदाराच्या वेषात शिरला, की भल्याभल्यांची बोबडी वळते. वैद्यकाच्या इतिहासातही असा एक बहुरूपी आहे. तो बहुधा लहान मुलांच्या हाडांत शिरतो आणि वेष घेतो कर्करोगाचा!

मुलाचा पाय रात्री ठणकतो, नाहीतर गळ्याजवळचे हाड सुजते. क्ष-किरणांच्या चित्रात हाड पोखरलेले दिसते आणि घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. पण तपासून पाहावे, तर कर्करोगाची पेशी सापडत नाही आणि जंतूही सापडत नाहीत. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या हाडांवर उलटलेली असते. स्वित्झर्लंडमधील गिडिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली या विकाराचे वर्णन केले, तेव्हा कुठे त्याची स्वतंत्र ओळख पटू लागली.

रंटगेनने क्ष-किरण शोधले ते १८९५ साली. जिवंत माणसाचे हाड डोळ्यांना दिसू लागले खरे, पण शंका काही फिटली नाही. उलट सोंगही होतेच. १९२१ साली अमेरिकेतील जेम्स यूइंग यांनी हाडाच्या एका कर्करोगाचे वर्णन केले. तो ताप आणि सूज घेऊन येतो आणि साधा जंतुविकार असल्याचे भासवतो. एका चुकीने मूल हातचे जाते, तर दुसरीने निष्कारण औषधांचा आणि शस्त्रक्रियांचा मारा सोसते. म्हणून निवाडा करायचा, तर हाडाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली जाणकार डोळ्यांनी पाहावा लागतो.

असे डोळे आपल्याकडे घडवणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांचा जन्मही १८९५ चाच! परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्या काळी आपल्या बहुरूप्याला नावदेखील मिळालेले नव्हते.

आमच्या कळंबोलीची ख्याती लोखंडाच्या बाजाराची. पण शेजारच्या खारघरला २००२ साली याच संशोधन केंद्राचा वारसा येऊन स्थिरावला, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

आज एमआरआयच्या साहाय्याने, न दुखणाऱ्या हाडांतही दडलेला हा विकार हुडकता येतो. पुष्कळ मुलांना सूज उतरवणाऱ्या साध्या औषधांनीच आराम पडतो. काहींना हाडे सावरणारी किंवा बिथरलेल्या यंत्रणेला आवरणारी औषधे लागतात. दुखणे मधूनमधून उलटते, म्हणून वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. मुलाचे हाड रात्री-बेरात्री ठणकत राहिले, तर 'वाढीच्या वयाचे दुखणे' म्हणून टाळू नये, आणि एक चित्र पाहून धीरही सोडू नये. चित्र शंका दाखवते. निवाडा पुरत्या तपासणीनंतरच व्हावा.