फळांची सड आणि उपकारक सूक्ष्मजीव : एका संशोधनाचा इतिहास

झाडावरून उतरवलेले फळ जिवंतच असते. त्याचे श्वसन चालू राहते, ते पिकत जाते. मात्र झाडाकडून मिळणारे पाणी आणि अन्न थांबलेले असते. काढणी, हाताळणी आणि वाहतूक यांत त्याच्या सालीला बारीक जखमा होतात. जखमेतून पाझरणाऱ्या गोड रसावर बुरशीचे बीजाणू रुजतात आणि सड सुरू होते. संत्र्या-लिंबांवरची हिरवी व निळी बुरशी (पेनिसिलियम) आणि पीचवरची तपकिरी सड (मोनिलिनिया) ही याची नेहमीची उदाहरणे. ही सड सूक्ष्मजीवांच्याच मदतीने रोखण्याची कल्पना कशी वाढली आणि कोठे अडखळली, ते आता पाहू.

१. रसायनांचा काळ

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून थायबेंडाझोल आणि बेनोमिल ही बुरशीनाशके प्रचारात आली. ती प्रभावी होती, पण बुरशीच्या पेशीतील एकाच प्रथिनावर काम करत. त्या प्रथिनात छोटासा बदल झालेली बुरशी औषधाला दाद देत नाही. पॅकहाउसमध्ये वर्षानुवर्षे तेच औषध वापरल्याने अशीच प्रतिकारक्षम बुरशी शिल्लक राहिली आणि वाढली. दुसरी अडचण अवशेषांची होती. १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अन्नातील कीडनाशकांवर अहवाल दिला. तपासलेल्या रसायनांपासून संभवणाऱ्या कर्करोगाच्या अंदाजित धोक्यापैकी सुमारे ६० टक्के वाटा बुरशीनाशकांचा होता. आता पर्याय शोधणे भाग होते.

२. बुरशीला मारणारा जिवाणू

पर्यायाची बीजे जुनी होती. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू लिंबूवर्गीय फळांवरील बुरशीला विरोध करतो, हे गटर आणि लिटाउअर यांनी इस्रायलमध्ये १९५३ मध्येच नोंदवले होते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील प्युझी आणि विल्सन यांनी याच जिवाणूच्या बी-३ या प्रकाराने पीचसारख्या फळांवरील तपकिरी सड रोखता येते, हे दाखवले. पुढे पॅकिंगच्या यंत्रमार्गावर फळांना लावतात त्या मेणात हा जिवाणू मिसळूनही चाचण्या झाल्या. म्हणजे नवे यंत्र न बसवता चालू प्रक्रियेतच तो सामावून घेता येत होता.

पण बी-३ बुरशीला मारत होता तो स्वतः तयार केलेल्या इट्युरिन या बुरशीरोधक द्रव्याने. मग प्रश्न आला : असे द्रव्य खाण्याच्या फळावर असावे का? आणि बुरशी त्यालाही सरावली तर?

३. जागा अडवणारे यीस्ट

उत्तर फळाच्या सालीवरच सापडले. धुऊन वाळवलेली लिंबूवर्गीय फळे न धुतलेल्यांपेक्षा लवकर सडतात, असे विल्सन आणि इस्रायलचे खालुट्झ यांना आढळले. फळ धुतलेले पाणी तसेच्या तसे पोषक माध्यमावर पसरले, तर त्यात फक्त जिवाणू आणि यीस्ट वाढत. तेच पाणी पातळ करून पसरले की बुरशी डोके वर काढी. सालीवरचे रहिवासी बुरशीला दाबून ठेवत होते, असा याचा अर्थ होता.

त्यातून निवडीची एक सोपी रीत निघाली. फळाला जखमा करायच्या, त्यांत दुसऱ्या फळांचे धुवण घालायचे, मग बुरशीचे बीजाणू टाकायचे. जी जखम सडत नाही, तिच्यातून सूक्ष्मजीव वेगळे करायचे. अशा शोधात पुढे आलेली यीस्ट मुख्यतः जखमेतील साखर आणि जागा आधी बळकावतात. बुरशीच्या बीजाणूंना रुजायला अन्नच उरत नाही.

४. बाजारातील परीक्षा

१९९५ मध्ये अमेरिकेत दोन उत्पादनांची नोंदणी झाली : कँडिडा ओलिओफिला या यीस्टचे ‘अस्पायर’ आणि स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूचे ‘बायोसेव्ह’. अस्पायर काही वर्षांतच बाजारातून गेले.

याची कारणे जीवशास्त्रात आहेत, तशीच अभियांत्रिकीतही. यीस्ट नव्या जखमेचे रक्षण करते. आधीच शिरलेल्या बुरशीला ते बाहेर काढू शकत नाही. आंब्यावरील करप्याची बुरशी बागेतच कोवळ्या फळात शिरून सुप्त राहते आणि फळ पिकताना जागी होते. तेथे काढणीनंतर सालीवर लावलेले यीस्ट फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय जिवंत पेशी टनांनी वाढवणे, वाळवणे, साठवणीत जिवंत ठेवणे आणि दर हंगामात सारखाच परिणाम मिळवणे कठीण असते. पॅकहाउसला मात्र रोजची खात्री हवी असते. थायबेंडाझोलच्या थोड्या मात्रेबरोबर अस्पायर वापरल्यास नेहमीच्या रासायनिक उपचाराइतके रक्षण मिळते, असे चाचण्यांत दिसले; पण मग रसायनमुक्तीचा मूळ हेतू अर्धाच साधतो.

तरीही हा प्रयत्न वाया गेला, असे म्हणता येणार नाही. फळाची साल ही कोरी पाटी नसून वसलेले गाव आहे, हे त्यातून कळले. म्हणून आज संशोधक एकट्या सूक्ष्मजीवाऐवजी सालीवरील संपूर्ण समूहाचा अभ्यास करू लागले आहेत. फळ धुताना, त्यावर मेण चढवताना किंवा ते थंड करताना या समूहाचे काय होते, हे पाहिल्याशिवाय पॅकहाउसची रचना पूर्ण झाली असे मानता येणार नाही.