तारीख लिहिण्यापूर्वी : शिक्षणसंस्थांचे दिनविशेष आणि प्रश्नमंजूषा

- प्रतिनिधी

शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. सुंदर अक्षर असलेल्या विद्यार्थ्याकडे हे काम येई आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसला जाई. आता हाच दिनविशेष संस्थेच्या फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पालक, माजी विद्यार्थी आणि इतर शाळांपर्यंत पोहोचतो. फळ्यावरची चूक गुरुजी मधल्या सुट्टीत दुरुस्त करीत. संस्थेच्या बोधचिन्हासह निघालेली चुकीची तारीख मात्र विद्यार्थ्यांच्या वह्यांत, भाषणांत आणि पुढील वर्षीच्या यादीत जाऊन बसते. त्यामुळे चित्र आणि रंगसंगती यांपेक्षा तारखेची पडताळणी हे या कामातील पहिले कर्तव्य ठरते.

वर्षाचा तक्ता

शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वीच तीन स्वतंत्र याद्या कराव्यात. पहिली, दरवर्षी त्याच तारखेला येणाऱ्या दिवसांची. दुसरी, गुरुपौर्णिमेसारख्या तिथीने येणाऱ्या दिवसांची. ही यादी दरवर्षी पंचांग पाहून नव्याने करावी लागते. तिसरी, संस्थेच्या स्वतःच्या इतिहासाची. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वर्ष, प्रसंग, आधार आणि तपासणाऱ्याचे नाव असे रकाने असावेत. ज्या नोंदीचा आधाराचा रकाना रिकामा, ती प्रसिद्ध करू नये.

एकाच तारखेला अनेक नोंदी येतात. ७ नोव्हेंबर हे त्याचे उत्तम उदाहरण. मेरी क्युरी (१८६७) आणि सी. व्ही. रामन (१८८८) यांचा हा जन्मदिवस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, म्हणून महाराष्ट्रात हा 'विद्यार्थी दिवस'ही आहे. तिन्ही नोंदी एका चित्रात कोंबण्यापेक्षा संस्थेच्या स्वरूपाला साजेशी एक निवडावी आणि उरलेल्या दोन प्रश्नमंजूषेसाठी राखून ठेवाव्यात.

दिवस कशाचा?

राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो. तो रामन यांचा जन्मदिवस नव्हे. १९२८ मधील 'रामन परिणामा'च्या शोधाचा दिवस आहे. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस 'मराठी भाषा गौरव दिन', तर १ मे हा 'मराठी राजभाषा दिन'. या दोहोंची गल्लत दरवर्षी होते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ चा. ती तिसरी, वेगळी नोंद आहे. भारतातील शिक्षक दिन ५ सप्टेंबरला, तर जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला येतो.

बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, म्हणून तो दिवस पत्रकार दिन. जांभेकरांच्या जन्मासाठी मात्र ६ जानेवारी आणि २० फेब्रुवारी १८१२ अशा दोन तारखा छापलेल्या आढळतात. अशा वेळी वादातीत असलेली 'दर्पण'ची तारीख घेणे श्रेयस्कर.

कोणत्या दिनदर्शिकेनुसार?

न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा की ४ जानेवारी १६४३ चा? दोन्ही तारखा बरोबर आहेत. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत होती. पहिली तारीख तिच्यानुसार, दुसरी आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार. शेक्सपिअरची मृत्युतारीख २३ एप्रिल १६१६. सर्व्हान्टिसची म्हणूनही पुष्कळदा हीच तारीख दिली जाते. परंतु स्पेनने नवी दिनदर्शिका आधीच स्वीकारली असल्याने या दोन '२३ एप्रिल'मध्ये दहा दिवसांचे अंतर होते.

शंभरावे वर्ष की शंभर वर्षे?

वर्धापनदिनाच्या मजकुरात सर्वाधिक चुका गणिताच्या असतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे केली. संस्थेने शंभराव्या वर्षात पदार्पण केले ते ४ ऑक्टोबर २०१८ रोजी. शंभर वर्षे पूर्ण झाली ती २०१९ मध्ये. 'पदार्पण' आणि 'पूर्ती' हे शब्द अदलाबदलीने वापरले की संस्थेचे वय एका वर्षाने बदलते. तीच दक्षता 'जन्मदिन', 'जयंती' आणि 'स्मृतिदिन' या शब्दांबाबत घ्यावी. हयात व्यक्तीची 'जयंती' साजरी करून अनेकांनी माफी मागितली आहे.

प्रश्न कसा विचारावा?

चांगल्या प्रश्नाला एकच निर्विवाद उत्तर असते. 'भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण?' हा प्रश्न सदोष आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून डॉक्टर झाल्या. 'आनंदीबाईंनी वैद्यकीय पदवी कोणत्या देशात मिळवली?' असे विचारल्यास वाद उरत नाही. 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' हे शब्द दिसताच पुन्हा तपासावे. उत्तर त्याच दिवशी सायंकाळी, दोन ओळींच्या स्पष्टीकरणासह द्यावे. नुसत्या नावाने ज्ञानात भर पडत नाही.

कविता आणि छायाचित्रे

भारतात साहित्यकृतीचे स्वामित्व हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले; म्हणजे त्यांचे लेखन २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. २७ फेब्रुवारीला त्यांची संपूर्ण कविता परवानगीविना चित्रावर छापण्यापेक्षा संग्रहाचे नाव देऊन विद्यार्थ्यांना ग्रंथालयाकडे वळवावे.

घरचा खजिना

माहितीजालावरील तयार याद्या सर्वांकडे असतात. आपल्या शाळेची पहिली हजेरी मात्र फक्त आपल्याच कपाटात असते. जनरल रजिस्टरमधील पहिली नोंद, जुने वार्षिक अंक, इमारतीची कोनशिला, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी यांतून वर्षभर पुरेल इतकी सामग्री मिळते. संस्थेची नोंदणी, पहिला वर्ग आणि सध्याच्या इमारतीचे उद्घाटन या तीन तारखा वेगळ्या असू शकतात. कोणती 'स्थापना' मानायची, हे कागदपत्रे पाहून एकदाच ठरवून लिहून ठेवावे. नोंदवहीतील छायाचित्र प्रसिद्ध करताना विद्यार्थ्यांचे पत्ते, जात, जन्मतारीख असा खासगी तपशील झाकण्यास विसरू नये.

चूक झालीच तर

चूक निदर्शनास आल्यावर मजकूर गुपचूप काढून टाकण्याचा मोह होतो. परंतु तो तोवर पुढे गेलेला असतो. 'काल दिलेली तारीख चुकीची होती; योग्य तारीख अशी' एवढी दुरुस्ती त्याच ठिकाणी, त्याच ठळकपणे द्यावी आणि तक्त्यातही नोंदवावी. गुरुजींनी फळ्यावरची स्वतःची चूक सर्वांसमक्ष खोडून बरोबर उत्तर लिहिले, तर तो धडा वर्गाच्या लक्षात राहतो. समाजमाध्यमावरील शिक्षणसंस्थेलाही हाच नियम लागू आहे.