मनगटावर आलेले घड्याळ

फुरसतीच्या वेळी घरच्या मेजावर पांढरे फडके अंथरून, डोळ्याला भिंग लावून, एखाद्या साध्या घड्याळाची तबकडी बदलणारा, काटे उपसून दुसरे बसविणारा, काच आणि पट्टा आपल्या मनाजोगा करून घेणारा हौशी माणूस अलीकडे बराच आढळू लागला आहे. आणि कारखान्यातून सिद्ध होऊन आलेल्या वस्तूवर असा हात चालविणे हा प्रतिष्ठित उद्योग नव्हे, असे मानणारेही पुष्कळ आहेत. या आक्षेपकांना इतिहासाचे विस्मरण झालेले असते. पुरुषांचे मनगटी घड्याळ कोणा एका कारखानदाराच्या योजनेतून अवतरलेले नाही. खिशातल्या घड्याळावर गरजेपोटी केलेल्या खटपटीतून ते क्रमाक्रमाने घडत गेले.

एकोणिसाव्या शतकात मनगटावर घड्याळ बांधणे हा स्त्रियांच्या अलंकाराचा प्रकार समजला जाई. पुरुषाचे घड्याळ साखळीला अडकून बंडीच्या खिशात असावे, हा शिरस्ता होता. तो मोडला फौजेने. एका हाती लगाम आणि दुसऱ्या हाती शस्त्र असलेल्या अंमलदाराला कोटाची बटणे सोडून वेळ पाहण्याची सवड नसते, म्हणून खिशातले घड्याळ जसेच्या तसे आत बसेल अशी चामड्याची वाटी शिवून ती मनगटाला बांधण्याची युक्ती निघाली, आणि १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत झालेल्या बोअर युद्धात ती ब्रिटिश अधिकाऱ्यांत चांगलीच रुळली. हे काम घड्याळजीचे नव्हे, खोगीर शिवणाऱ्याचे होते!

पुढची पायरी डाखाची. यंत्र व तबकडी बाहेर काढून रिकाम्या केसच्या दोन बाजूंना तारेच्या कड्या डाख देऊन जोडावयाच्या आणि त्यांतून पट्टा ओवावयाचा, इतके हे सोपे वाटते. परंतु करू जाता एक विलक्षण अडचण उभी राहते. उघड्या तोंडाच्या खिशातल्या घड्याळात चावी बाराच्या माथ्यावर असते, व सेकंदाची छोटी तबकडी तिच्या बरोबर समोर, सहापाशी. मनगटावर पट्टा बाराकडून सहाकडे जावयाचा, म्हणजे चावी नेमकी पट्ट्याखाली सापडणार; आणि ती मोकळी राहावी म्हणून कड्या तीन व नऊ यांच्या बाजूंस लावल्या, तर बाराचा आकडा कुशीवर निजणार. यावर काहींनी आकडे पाव फेऱ्याने फिरवून छापलेली तबकडी बसविली, तेव्हा सेकंदाची तबकडी सहाची जागा सोडून नऊपाशी जाऊन बसली! खरा तोडगा निराळाच होता. झाकणाच्या घड्याळात चावी मुळातच तीनपाशी आणि सेकंद सहापाशी असतात; त्याचे यंत्र घेऊन झाकण तेवढे वगळले की काम झाले. कारखानदारांनीही हीच मांडणी उचलली, आणि आज आपल्या घड्याळाची चावी उजव्या हाताला, तीनच्या आकड्यापाशी सापडते, तिचे मूळ या खटाटोपात आहे.

१९१४ च्या महायुद्धाने या घड्याळाला सार्वत्रिक सनद दिली. तोफखान्याचा मारा आणि पायदळाची चाल मिनिटाच्या हिशेबाने जुळवावयाची असल्यामुळे खंदकातल्या अंमलदारास घड्याळ सतत डोळ्यांसमोर हवे होते. काचेवर धातूची जाळी आली, काट्यांवर व आकड्यांवर अंधारात उजळणारे रेडियमचे मिश्रण आले. येथे हौशी वाचकास एक इशारा देणे अगत्याचे वाटते. त्या मिश्रणातला चमकणारा भाग केव्हाच निकामी झालेला असतो, पण रेडियम निम्मे व्हावयास सुमारे १६०० वर्षे लागतात. तेव्हा असले जुने काटे घरी खरवडण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

हिंदुस्थानात स्विस घड्याळांचा व्यापार तोपर्यंत स्थिरावला होता. वेस्ट एंड कंपनीची मुंबई व कलकत्ता येथे ठाणी होती, आणि तिची ‘सोवार’ घड्याळे लष्करी माणसांत नावाजलेली होती. स्वदेशी घड्याळाचा योग मात्र स्वातंत्र्यानंतर आला: जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ साली बंगळूरला मनगटी घड्याळांचे उत्पादन हाती घेतले, आणि ‘जनता’ किंवा ‘पायलट’ मनगटावर असणे हे मध्यमवर्गात नोकरीइतकेच स्थैर्याचे लक्षण होऊन बसले. ऐंशीच्या दशकात सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी चावीच्या घड्याळांना मागे सारले, आणि २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद झाला.

यंत्रे मात्र उरली, आणि त्यांवर मुंबईतील कारागिरांचा एक नवाच धंदा उभा राहिला. जुनी तबकडी खरवडून ती शेंदरी, हिरवी, निळी अशी मन मानेल त्या रंगात रंगवावयाची, वर नाव व आकडे छापावयाचे, आणि दुरुस्त केलेले यंत्र घालून घड्याळ विक्रीस काढावयाचे. परदेशातील संग्राहक या मालास नाक मुरडतात, व रंगविलेली तबकडी मूळची म्हणून जेथे खपविली जाते, तेथे त्यांची तक्रार रास्तच आहे. भिंगाखाली लबाडी लपत नाही: अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, आणि तबकडीला यंत्रावर धरून ठेवणारे मागचे दोन बारीक पाय तुटलेले असल्यास ती खुशाल गोंदाने डकविलेली असते. परंतु हेच रंगकाम मालकाने स्वतःच्या मनगटासाठी केले असेल, तर त्यास खोटे ठरविण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मला समजत नाही. खंदकातल्या घड्याळाच्या डाख दिलेल्या कड्या ज्यांना ऐतिहासिक वाटतात, त्यांनी शेंदरी ‘पायलट’लाही त्याच तराजूत घालावे. माझी अट एवढीच, की हौशी माणसाने रंगवावयास दुसरी तबकडी घ्यावी आणि मूळची काढून, कागदात गुंडाळून, वर घड्याळाचे नाव लिहून ठेवावी. म्हणजे पुढच्या मालकाला वाटल्यास ती परत बसविता येईल.