कानांतील पाणी

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट हें कापसाच्या पेठेचें प्रसिद्ध गांव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें कापडधंद्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या. यंत्रांच्या खडखडाटांत ज्यांचें आयुष्य जातें त्यांस पुढें ऐकूं कमी येतें, हा अशा गिरण्यांचा जगभरचा अनुभव आहे. इटलींतील वैद्य रामाझिनी यानें तांबटांच्या बहिरेपणाची नोंद १७१३ सालींच केली होती. पण घाव तांब्यावर पडत असतां कानांत नेमकें काय नासतें, हें सांगणें त्या काळीं शक्य नव्हतें.

अंतःकर्ण कानशिलाच्या हाडांत, शरीरांतील अत्यंत कठीण अशा भागांत, दडलेला आहे. त्यांतील तीन अर्धवर्तुळाकार नळ्या शरीराचा तोल राखतात, आणि अडीच वेढ्यांचा शंख ऐकण्याचें काम करतो. शंखास गोगलगायीचें नांव फालोपिओ या शरीरशास्त्रज्ञानें १५६१ सालीं दिलें. या पोकळ्यांत काय असतें? ॲरिस्टॉटलच्या काळापासून विद्वान् सांगत आले कीं, कानांत जन्मतःच कोंडलेली हवा असते आणि तीच ध्वनि ग्रहण करते. वाळलेलें हाड फोडून पाहावें तर पोकळी रिकामीच दिसे. मग शंका कोणी घ्यावी?

ती घेतली नेपल्सच्या कोतुन्यो या पंचविशींतील तरुणानें. १७६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत त्यानें दाखविलें कीं, ताज्या प्रेताच्या अंतःकर्णांत हवेस जागाच नाहीं. तो पाण्यानें पूर्ण भरलेला असतो. १७७७ सालीं मेकेल यानें कानशिलाचें हाड थंडींत गोठवून फोडलें, तों आंत बर्फ निघालें. दोन हजार वर्षांच्या मताचा निकाल एका थंडीनें लावला.

पुढें १८५१ सालीं कोर्ती यानें सूक्ष्मदर्शकांतून शंखांतील केसाळ पेशींची रचना वर्णिली. पाण्यांतील लाटा या सूक्ष्म केसांस हालवितात, आणि तोच संदेश मेंदूस पोंचतो. एका कानांत अशा पेशी सुमारें १५ हजार असतात. सततच्या गोंगाटानें त्या मरतात, आणि मनुष्यांत एकदां मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. तांबटाचें नासलें तें हेंच.

१९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांनीं सेवाग्राम येथें वैद्यकीय महाविद्यालय काढलें. आतां हें ज्ञान हिंगणघाटच्याच जिल्ह्यांत शिकविलें जातें. परंतु मेलेली पेशी परत आणणारें औषध वैद्याजवळ नाहीं. म्हणून कान गेल्यावर वैद्याकडे धांवण्यापेक्षां, ऐकूं येत आहे तोंवरच कान झांकणें व गोंगाट आंवरणें, हाच या तीन शतकांच्या शोधाचा व्यवहारांतील अर्थ होय.